यमुनावहिनींच्या हाताचा वस्तरा

दाढी करणं हा एक धंदा आहे आणि वस्तरा जिवंत करणं हा दुसरा. हे आधीच सांगून टाकतो, कारण शिरवण्याच्या नाक्यावर माझ्या टपरीपुढे निम्मी माणसं थेट हनुवटी वर करून बसतात आणि मी नाही म्हटलं की रागावतात. मी न्हाव्याचा मुलगा. मुंबईत गिरगावच्या एका सलूनमध्ये खुर्चीमागे उभा राहिलोय. पण आता दाढ्या करत नाही. दाढ्या ज्याने होतात ते हत्यार दुरुस्त करतो.

दिवाळी अंकात असले अनुभव लिहिणारे बहुतेक पेन्शनीत निघालेले असतात. माझी तिशीसुद्धा उलटलेली नाही. पण माणसाच्या आधी त्याचा धंदा म्हातारा होऊ शकतो. इथल्या रस्त्याला कारखान्यांची धुरांडी उभी राहतायत, त्यांत कामाला जाणारी पोरं खिशात ब्लेडची पुडी ठेवतात, वापरतात आणि फेकतात. फेकून देण्याच्या या नव्या धर्माचा मी जाहीर निषेध करतो. सलून कामगारांच्या युनियनमध्ये पत्रकं लिहून लिहून मला ही खोड लागली आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावं. पत्रकात पहिल्याच ओळीत शत्रूचं नाव घालायचं असतं. इथे मात्र आधी वस्तरा समजून घ्या.

वस्तऱ्याचे भाग दोन. पातं आणि मूठ. पातं म्हणजे नुसतं पोलाद नव्हे. त्याला 'पाणी' दिलेलं असतं, म्हणजे भट्टीत लाल करून नेमक्या क्षणी थंड केलेलं असतं. धार टिकते ती या पाण्यावर. जुन्या विलायती पात्याची दोन्ही अंगं मधून इतकी कोरलेली असतात की नखाने टिचकी मारली तर पातं गातं. मूठ म्हणजे दोन पातळ फळ्या, त्यांच्यामध्ये पातं मिटून राहतं. एका टोकाला खिळा, त्याच्यावर पातं फिरतं. दुसऱ्या टोकाला फळ्यांच्या मध्ये बारीकशी पाचर. लोकांना वाटतं मूठ धरायला असते. साफ चूक! दाढी करताना बोटं पात्याच्या शेपटीवर असतात. मूठ मागे उभी राहते आणि तोल सांभाळते. जड झाली तर पातं हातात नाचतं, हलकी झाली तर गालात घुसतं. म्हणून मूठ चपलेसारखी असते, ज्याच्या त्याच्या मापाची. हे मला मुंबईत एका गाळ्यात बसणाऱ्या कोकणी मुसलमान उस्तादांनी शिकवलं. ते मूळचे आमच्या पनवेलकडचेच. वस्तरा हातात देणाऱ्याच्या तोंडाकडे ते कधी बघायचे नाहीत, त्याच्या बोटांकडे बघायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. पनवेलचे एक रिटायर फौजदार वडिलांच्या वस्तऱ्याला धार लावून न्यायचे, आणि त्याने विड्याच्या पानांच्या शिरा काढायचे. कळंबोलीच्या एका शेतकऱ्याने आजोबांच्या सुंदर वस्तऱ्याने म्हशीची दावी तोडली होती आणि वर मलाच विचारलं, "दाढीला अजून लागंल ना?" कारखान्यातला एक टाइमकीपर तर एकच ब्लेड पुन्हा पुन्हा धार लावायला आणतो. मी हात जोडले तर म्हणाला, "फेकू नका असं तुम्हीच नाक्यावर भाषणात बोललात की हो."

पण हा लेख ज्या वस्तऱ्यासाठी लिहायला बसलो, तो आला सारसोळ्याहून, फडक्यात गुंडाळून, एका बाईच्या कमरेला खोचून.

ही यमुनावहिनी. सारसोळ्याचे न्हावी बाळूदादा, त्यांची बायको. सारसोळं हे खाडीकाठचं कोळ्यांचं गाव, आणि तिथे न्हावी कुणा एकाचा नसतो, गावाचा असतो. वर्षभर दाढ्या, जावळं, लग्नातली कामं करायची. बदल्यात होडी लागली की म्हावऱ्याचा वाटा आणि सुगीला भात. घाम आमचा आणि उपकार त्यांचे अशा या पद्धतीवर मी वेगळं पत्रक काढलेलं आहे, ते इथे पुन्हा छापत नाही. मुद्दा एवढाच, की गाव गेलं की चूल गेली. आणि बाळूदादांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात लुळा, जीभ जड.

"भावजी, ह्याचं काय होतं का बगा," वहिनी म्हणाल्या आणि फडकं सोडलं.

मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. पातं उत्तम, बाळूदादांच्या आजोबांच्या वेळचं विलायती. पण मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या कचकड्याची. कचकडं म्हातारं झालं की सडतं, त्यातून आंबूस वाफ निघते आणि ती आत मिटलेलं पातं खाते. तसंच झालं होतं. मूठ भेगाळून सुटलेली, पातं तांबूस. आणि याच्यावर कडी म्हणजे पात्याच्या टोकाला निळा डाग.

"हा कोणी केला?"

"आमच्या धाकल्या भावजींनी. धार लावून आनतो म्हनून नेलान. फिरत्या धारवाल्याच्या चाकावर धरलान."

चाकावर ठिणग्या उडतात, पातं तापतं, निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग तिथे धार लागते, पण एका गालापुरती. न्हाव्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाने विलायती वस्तरा चाकावर धरावा! बाळूदादांचा हा धाकटा भाऊ गणपत, त्याने हे मुद्दाम केलं की मूर्खपणाने, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्हींचा मी सारखाच निषेध करतो.

कारण गणपतला सारसोळं हवं होतं. भाऊ अंथरुणाला खिळला, आता गाव माझं, असं त्याने पाटलांना सांगितलं. वहिनींनी सांगितलं, मी करते. नवऱ्याचा वस्तरा चामड्यावर लावून द्यायचं काम त्या लग्न झाल्यापासून करत होत्या आणि झटक्यानंतर बाळूदादांची दाढीही त्याच करत होत्या. यावर गावकी हसली. पाटील म्हणाले, "बरं, यमुने. सारसोळ्याची रीत तुला ठावकी हाय. लग्नात नवरदेवाची दाढी न्हाव्यानं घरान्याच्या वस्तऱ्यानं करायची, आनि ज्याच्या हाती नारळ पडंल त्याचं गाव. मंजुळेच्या पोराचं लगीन ठरलंय. आजेसासऱ्याचा वस्तरा नीट करून आन, दाढी करून दाव. नायतर गनपत हायेच."

पाटील हे बोलले ते वस्तऱ्याची दशा बघूनच. म्हणजे दार उघडं ठेवायचं आणि पायरी उखडून टाकायची. सत्ता ही अशीच उदार असते.

मी वहिनींना म्हटलं, "होईल."

बोललो खरा. पण मी काही नुसत्या वस्तऱ्यावर विसंबून बसणारा नव्हे. लगेच पत्रक काढलं. गुलाबी कागद, जाड मथळा: 'वस्तरा पुरुषाचा नाही, कष्टकऱ्याचा आहे!' पनवेलच्या छापखान्यातून आणून सारसोळ्यात घरोघर वाटलं. पुढच्या बाजाराला मंजुळाआक्काकडून सुकट घेतली, तर तिने ती त्याच गुलाबी कागदात बांधून माझ्या हातात ठेवली.

"कागद बरा हाय तुमचा, पत्रकवाले," ती म्हणाली. "ओल सोसतो."

ही मंजुळाआक्का म्हणजेच नवरदेवाची आई. नवरा खाडीत बुडून गेलेला, टोपली डोक्यावर घेऊन पोर वाढवलेलं, आवाज असा की पलीकडच्या होडीतल्याला वल्हं टाकून वळून बघावं लागतं. पोराचं नाव हिराजी. तो होडीवर न जाता नव्या कारखान्यात हेल्पर लागला होता.

"यमुनेचा वस्तरा तुमच्याकडं हाय म्हनं?" तिने विचारलं.

"आहे."

"मंग मूठ ह्याची लावा." तिने टोपलीच्या तळातून एक लाकूड काढलं. काळपट, जड, गुळगुळीत. "माज्या सासऱ्याच्या होडीचं सुकानू. होडी मोडली, ह्ये ठेवलं. माज्या हिराजीच्या गालाला ह्ये लागू दे."

मी वास घेतला, नख लावून बघितलं. सागवान, पोलादासारखं घट्ट. "वाळलेलं आहे ना?"

"माज्या लग्नाच्या आदीपासून चुलीवरच्या माळ्यावर हाय. आनखी किती वाळंल?"

बरोबर होतं. शिवाय असं लाकूड कोण कुणाला देतं? मी घेतलं.

आधी पातं. ते रॉकेलात भिजत ठेवलं, मग बुचाच्या तुकड्याला पॉलिश पेपर गुंडाळून, वरून राख लावून तांबूसपणा काढला. काही खड्डे राहिले, देवीच्या व्रणांसारखे. ते काढत बसलो असतो तर पातंच उरलं नसतं. मग तो निळा डाग. त्याला उपाय एकच, तेवढं टोक घालवायचं. ओल्या दगडावर घासायचं, पाण्यात बुडवायचं, पुन्हा घासायचं. चाक लावलं असतं तर चहा थंड व्हायच्या आत झालं असतं, पण मग निळा डाग पुढे सरकला असता. हाताने घासत घासत टोक झिजवलं, गोल केलं. पातं बोटभर आखूड झालं. नखाने टिचकी मारली. गायलं! त्या दिवशी मी टपरीत एकटाच 'इन्किलाब' ओरडलो आणि शेजारच्या सायकलवाल्याने विचारलं, "मोर्चा कुठाय?"

आता मूठ. पातं आखूड, म्हणजे जुन्या मापाची मूठ चालणार नव्हती. आणि ते माप होतं आजोबांचं, रेड्यासारख्या पंजाच्या माणसाचं. मला वहिनींच्या हाताचं माप हवं होतं. परक्या बाईचा हात धरून पट्टी कशी लावणार? मी खाडीच्या मऊ चिखलाचा एक गोळा केला आणि म्हटलं, "वहिनी, वस्तरा धरता तसा हा धरा." त्यांनी धरला. चिखलात बोटांचे ठसे उमटले, आणि करंगळीचा ठसा जिथे पडला तिथून मागे मूठ किती उरली पाहिजे ते मला समजलं. त्या गोळ्यावरून सुकाणूच्या दोन फळ्या कापल्या, काचेच्या धारदार तुकड्याने तासल्या, पितळी तारेचा खिळा घातला, बारक्या हातोडीने टोकं फुलवली. हे खिळ्याचं काम सगळ्यांत नाजूक. एक ठोका जास्त पडला तर पातं उघडत नाही, एक कमी पडला तर लटपटतं. पातं मिटलं की दोन फळ्यांच्या बरोब्बर मध्ये यायला हवं, कुणालाही न शिवता.

वहिनींनी सराव केला तो आधी ओल्या मडक्यावर, मग बाळूदादांच्या गालावर, आणि मग चळवळीने माझा गाल मागितला. मी तेव्हा दाढी ठेवत होतो. पत्रकं काढणाऱ्याला शोभते. ती गेली. हनुवटीखाली एकदा कापलं. क्रांतीसाठी रक्त सांडायची भाषा मी छापील बरीच केली होती, ती अशी पुरी झाली.

"दुखलं काय, भावजी?"

"नाही नाही. चालू द्या."

"मंग डोळं कशाला गच्च मिटताव?"

बाळूदादा डाव्या अंगावर रेलून बघत होते. त्यांच्या घशातून घरघर आली. ते हसत होते, हे मला थोड्या वेळाने कळलं.

लग्न अगदी जवळ आलं आणि एका सकाळी वहिनी टपरीवर आल्या. वस्तरा उघडून पुढे धरला. पात्याच्या एका अंगाला धारेलगत तांबडी रेघ होती. लाकडाच्या बाजूला, सरळ, जणू कुणी कुंकवाने ओढलेली.

मी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली.

आणि तोवर गणपतने ती बघितली होती. न्हाव्याच्या घरात वस्तरा काय लपतो? तो सरळ पाटलांकडे गेला. "वस्तरा रगत दावतोय. आजोबाला पटलं नाय. शुभकार्यात बाईच्या हातानं असला वस्तरा नवरदेवाच्या गळ्याला लावनार काय?" गावात बातमी जायला वेळ लागत नाही. चार बायका वहिनींना पाणवठ्यावर बाजूला सारून पुढे गेल्या. वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "गाव गेलं तर ह्यांना घेऊन माहेरी जायला लागंल, भावजी. भावाच्या दारात. लुळा हात घेऊन त्ये तिथं जेवनार नाईत, मला ठावकी हाय."

मी तो वस्तरा समोर ठेवून बसलो. ज्या अंगाला लाकूड जरा जवळ होतं, त्याच अंगाला रेघ. मी मुठीला जीभ लावली.

खारट!

सुकाणू सारा जन्म खाडीत बुडालेलं. माळ्यावर पाणी उडालं, मीठ कुठे जाईल? मीठ लाकडात बसलं होतं, आणि खाडीवरून दमट हवा आली की ती ओढून घेत होतं. आक्काच्या डोळ्यांत जे लाकूड सर्वांत पवित्र, ते पोलादाला सर्वांत वाईट. ही चूक पुण्याच्या माणसाच्या हातून घडलीच नसती. त्याच्याकडे होडीचं लाकूड आणून देणार कोण?

पाटलांनी गावकी बोलावली. जाळी वाळत घालतात त्या मोकळ्या जागेत सगळे बसले, बाळूदादांनाही उचलून आणून बसवलं होतं. मी तयारीने गेलो. दोन लाकडी ढलप्या, एक सुकाणूची, एक साध्या आंब्याची, आणि दोन नव्या कोऱ्या शिवणाच्या सुया. आदल्या दिवशी एकेक सुई एकेका ढलपीत खोचून दोन्ही दमट फडक्यात ठेवल्या होत्या. सगळ्यांसमोर काढल्या. आंब्यातली लखलखीत, सुकाणूतली तांबडी.

"बघा," मी म्हणालो, "यात दैवी काही नाही. अंधश्रद्धेच्या आधारे एका कष्टकरी स्त्रीचा हक्क हिरावून—"

"बसा खाली, पत्रकवाले," पाटील म्हणाले. "सुई तुमची, लाकूड तुमचं, फडकं तुमचं. आमी काय बगितलं?"

माझी गोची झाली. मुद्दा बरोबर असून हरण्याची मला युनियनपासून सवय आहे. मी सुया पुन्हा फडक्यात गुंडाळायला लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला आणि सगळ्या माना वळल्या.

"पाटील, माज्या मिठाच्या बरनीत लोखंडी चमचा राह्यला तर तो बी तांबडा होतो. मंग माज्या बरनीत देव कोपला काय?"

मंजुळाआक्का. कमरेवर हात ठेवून उभी.

"तुजी बरनी येगळी, मंजुळे."

"कशी येगळी? मीठ त्येच, लोखंड त्येच. लाकूड मी दिलं, माज्या सासऱ्याचं. चूक झाली तर माजी. यमुनेला कशाला बोलतव?"

"चुकीचं सोड," पाटील म्हणाले. "मंगलकार्य हाय. नवरदेवाच्या गालाला, गळ्याला बाईचा हात लागनार. बरं दिसतं काय?"

आक्का दोन पावलं पुढे आली. "हळद कोन लावते, पाटील?"

पाटील वाळत घातलेल्या जाळ्यांकडे बघू लागले.

"सवाशिनी लावतात. गालाला लावतात, गळ्याला लावतात, छातीला लावतात. तुमच्या लग्नात माज्या सासूनं लावलीवती, तुमी हसतवता म्हनून तिनं दोन टपल्या बी दिल्यावत्या. तवा बरं दिसलं? यमुना सवाशीन हाय. तिचा धनी तो बसलाय समोर. हळदीला तिचा हात चालतो आनि दाढीला इटाळ व्हतो, ह्यो कंचा न्याय?"

बायकांत आधी खुसखुस झाली, मग पुरुष हसायला लागले, आणि पाटलांच्या मिशा हलल्या. माझ्या गुलाबी पत्रकात समता होती, हक्क होते, शोषण होतं. हळद नव्हती. मी ते डोक्यात टिपून घेतलं.

"आई," मागून हिराजी कुजबुजला, "मी सेफ्टी रेझरनं माझी माझी करतो ना."

"गप बस. तुला कोन इचारतंय?"

पाटील उठले. "लगीन पुढं जानार नाय. वस्तरा तवा नीट नसंल तर गनपत करंल. झालं."

राहिलेल्या वेळात मला मूठ नवी करायची होती. लाकडावरून माझा विश्वास उडाला होता. पनवेलला शिंगाच्या फण्या करणारे एक कारागीर होते, त्यांच्याकडून म्हशीचं शिंग आणलं. शिंगाला मीठ चढत नाही, दमट हवेला ते दाद देत नाही, आणि माणसाच्या नखासारखंच असल्यामुळे बोटाला परकं वाटत नाही. पण ते वाकडं जन्मतं. ते गरम तेलात मऊ करायचं, दोन फळ्यांमध्ये दाबायचं, वर दगड ठेवायचा आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. पहिली पट्टी मी घाईने काढली. ती सापासारखी पुन्हा वळली. दुसरी ठेवून मी स्वतः टपरीबाहेर जाऊन बसलो, म्हणजे हात शिवशिवणार नाहीत. सगळीकडे केस जळल्याचा वास सुटला होता. सायकलवाला म्हणाला, "आज कुनाची दाढी जाळून करताव?"

चिखलाचा गोळा तोवर वाळून दगड झाला होता, पण ठसे शाबूत होते. त्यावर शिंगाच्या फळ्या बेतल्या. आखूड, कमरेत किंचित बारीक. आखूड मूठ हलकी पडत होती, म्हणून तिच्या दुसऱ्या टोकाला शिशाची बारीक पाचर घातली. कोळशाची पूड आणि खोबरेल यांनी घासल्यावर काळ्या शिंगातून मधासारखी एक रेघ वर आली. ती मी घातलेली नव्हती, म्हशीची होती. खिळा ठोकला, पातं मिटलं. मधोमध! धारेवरची तांबडी रेघ वरवरचीच होती, पाणीपथरीच्या ओल्या दगडावर निघून गेली. मग मी वस्तरा एका बोटावर आडवा ठेवला. तो हलला नाही.

मी आजवर अनेक वस्तरे दुरुस्त केलेत. इतका बरोबर एकही झालेला नाही. याबाबतीत विनय दाखवायचा माझा अजिबात विचार नाही.

लग्नाच्या मांडवात हिराजीला पाटावर बसवलं. अंगावर धोतर, चेहरा फाशी जाणाऱ्याचा. बाळूदादांना उचलून आणून वहिनींच्या डाव्या बाजूला लोडाला टेकून बसवलं होतं. गणपत मांडवाच्या खांबाशी उभा. त्याच्या खिशातून त्याच्या वस्तऱ्याचं टोक दिसत होतं. बोलावणं कधी येतंय याची वाट बघत होता.

वहिनींनी हातातल्या हिरव्या बांगड्या वर कोपराकडे सरकवल्या आणि त्यांवर फडकं आवळून बांधलं, किणकिणायला नकोत म्हणून. गाल भिजवला, चोळला. चामड्याचं टोक बाळूदादांनी डाव्या हाताने धरलं आणि ताणून ठेवलं. त्यावर वस्तरा जाऊन येऊन लागला, चट्ट, चट्ट. वाजंत्री थांबली होती. माणसं बघायला पुढे सरकली. वहिनींनी हिराजीचं कपाळ बोटाने हलकं मागे लोटलं आणि कानापासून पहिला हात ओढला.

दाढी नीट निघते तेव्हा तिचा एक आवाज असतो, कोरं कापड फाडल्यासारखा, पण बारीक. तो आला. दुसरा गाल. मिशीखालची जागा. मग गळा, जिथे घाटी असते आणि जिथे भलेभले कापतात. हिराजीने नेमका तेव्हाच आवंढा गिळला. वस्तरा जागच्या जागी थांबला, घाटी वर गेली, खाली आली, आणि वस्तरा पुन्हा चालू लागला. तो थांबला तेव्हा त्या आखूड मुठीचा तोल मला लांबूनसुद्धा दिसला. एक थेंब रक्त नाही.

मंजुळाआक्काने पालथ्या हाताने पोराचा गाल चोळला. "लोनी!" ती ओरडली. मांडव दणाणला आणि वाजंत्री पुन्हा वाजू लागली.

मग नारळ. गावातल्या एका म्हाताऱ्याने तांदूळ आणि नारळ घेतला आणि जन्माच्या सवयीने बाळूदादांपुढे केला. बाळूदादांनी उजव्या हाताकडे बघितलं. तो उठला नाही. मग डाव्या हाताने त्यांनी नारळ ढकलला, वहिनींकडे, आणि जड जिभेने जे म्हणाले ते मांडवात सगळ्यांना समजलं. "तिला."

वहिनींनी पदर पसरला.

गणपत मला मांडवाबाहेर भेटला. मला वाटलं भांडेल. मी तयारीत होतो. तो म्हणाला, "माज्याची बी मूठ सैल झालीय." मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याच्या हाताकडे. "आण उद्या," म्हटलं. हल्ली तो कारखान्यात वॉचमन आहे आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या दाढ्या करतो, स्वतःच्या वस्तऱ्याने, सहाणेवर धार लावून.

खंत एकच. सारसोळ्यात आज कुणीही म्हणतं, यमुनेचं येगळं. म्हणजे एका बाईला मान्यता द्यायची आणि नियम तसाच ठेवायचा. शेजारच्या गावात दुसऱ्या एका न्हाव्याच्या बायकोला हेच सगळं पहिल्यापासून करावं लागतंय. तिचा वस्तरा माझ्याकडे आलेला आहे. मूठ शिंगाची असेल. पत्रकात हळद असेल.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनींकडे गेलो, कारण नवा खिळा पहिल्या कामानंतर जरा सैल होतो, तो बघायला हवा. ओटीवर पाहतो तर पाटील. पाटावर मांडी घालून, खांद्यावर पंचा टाकून, हनुवटी वर. वहिनी साबण लावत होत्या. पाटलांनी मला बघून घसा खाकरला.

"हे बग यमुने," ते म्हणाले, "गावानं तुला मानलं, ते एकदा मानलं. पन न्हाव्यानं गावाशी कसं वागायचं, त्ये मी तुला आज—"

"तोंड मिटा, पाटील," वहिनी म्हणाल्या. "वस्तरा गळ्याशी हाय."

पाटलांनी तोंड मिटलं.